तुमच्या रॅममागचा माणूस: जॉन अटानासॉफ आणि तळघरातला कॉम्प्युटर

नवा फोन घेताना आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो. रॅम किती? ८ जीबी की १२ जीबी? आणि ज्यांनी कधी सुटे पार्ट आणून घरी पीसी असेंबल केलाय, त्यांना त्याच्या पुढचा प्रश्नही माहीत असतो. ही रॅम माझ्या मदरबोर्डला चालेल का? रॅम कितीही भारी असली तरी बोर्डशी जुळली नाही, तर ती स्लॉटमध्ये बसतच नाही. कधी बसते, पण स्क्रीन काळीच राहते.

हा जुळणीचा प्रश्न १९३७ साली अमेरिकेतल्या एका प्रोफेसरांसमोर आला होता. तेव्हा मदरबोर्ड नव्हता, स्लॉट नव्हता, रॅम हा शब्दही कुणी वापरत नव्हतं. मेमरी कशाची बनवायची इथपासूनच सुरुवात होती. त्यांनी जे उत्तर शोधलं, त्याच तत्त्वावर आज तुमच्या खिशातल्या फोनची रॅम चालते. त्यांचं नाव जॉन व्हिन्सेंट अटानासॉफ. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमची चूक नाही. कित्येक वर्षं ते जवळपास कुणीच ऐकलं नव्हतं, आणि तसं का झालं हेही या लेखात येईल.

वडिलांची स्लाइड रूल, आईचं पुस्तक

जॉनचा जन्म ४ ऑक्टोबर १९०३ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टनचा. वडील इव्हान लहानपणी बल्गेरियातून अमेरिकेत आले होते आणि पुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले. आई इव्हा गणिताची शिक्षिका. वडिलांची नोकरी फ्लोरिडातल्या ब्रुस्टर गावी होती. आजूबाजूला फॉस्फेटच्या खाणी. त्यांच्या घरात विजेचे दिवे होते. जॉन नऊ वर्षांचा असताना मागच्या पडवीतल्या दिव्याच्या वायरिंगमध्ये बिघाड झाला, तर त्याने तो स्वतःच शोधून दुरुस्त केला.

त्याच सुमारास वडिलांनी एक नवी स्लाइड रूल घेतली. स्लाइड रूल म्हणजे आकडे कोरलेली सरकती पट्टी. कॅल्क्युलेटर येण्याआधी इंजिनिअर लोक तिच्यावर गुणाकार-भागाकार करायचे. वडिलांना तिची फारशी गरज पडली नाही, पण मुलाने ती ताब्यात घेतली. पट्टी सरकवली की उत्तर कसं येतं, हे त्याला कळल्याशिवाय चैन पडेना. मग तो लॉगॅरिदमकडे वळला आणि आईच्या मदतीने मोठ्यांची गणिताची पुस्तकं वाचू लागला.

आईच्या एका जुन्या पुस्तकात वेगवेगळ्या पायांवरची संख्यापद्धती होती. आपण दहाच्या पायावर मोजतो, कारण आपल्याला दहा बोटं. पण दोनच्या पायावरही मोजता येतं, फक्त ० आणि १ वापरून. शाळेत याचा काही उपयोग नव्हता. तरीही पोराच्या डोक्यात ते पक्कं बसलं, आणि पुढे पंचवीसेक वर्षांनी कामी आलं.

हायस्कूल त्याने दोन वर्षांत उरकलं. १९२५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, १९२६ मध्ये आयोवा स्टेट कॉलेजातून गणितात मास्टर्स, आणि १९३० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून पीएचडी.

हेलियमने आणलेला वैताग

पीएचडीचा विषय होता हेलियम वायूचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट. नाव जड वाटतं, पण अर्थ साधा आहे. एखादा पदार्थ विजेच्या क्षेत्रात ठेवला तर तो कसा वागतो, याचं ते माप. कपॅसिटरमध्ये चार्ज किती साठेल हे याच गुणधर्मावर ठरतं. कपॅसिटर हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

या प्रबंधासाठी अटानासॉफ यांना मन्रो कंपनीच्या टेबलावरच्या यंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड करावी लागली. आकडे टाका, फिरवा, उत्तर कागदावर लिहा, तेच उत्तर पुन्हा यंत्रात टाका. मधली उत्तरं लक्षात ठेवायचं काम यंत्राचं नव्हतं, माणसाचं आणि कागदाचं होतं. ही अडचण आहे मेमरीची.

पीएचडीनंतर ते आयोवा राज्यातल्या एम्स गावी, आयोवा स्टेट कॉलेजात शिकवायला परतले. तिथे त्यांच्या विद्यार्थ्यांचंही तेच रडगाणं. भौतिकशास्त्रातले बरेच प्रश्न शेवटी एकसामायिक समीकरणांवर येऊन थांबतात. शाळेत आपण दोन समीकरणं आणि दोन अज्ञात संख्या सोडवतो, तोच प्रकार, फक्त वीस-वीस अज्ञात घेऊन. त्यांच्या हिशेबाप्रमाणे कुशल माणसाला यंत्र हाताशी असूनही आठ अज्ञातांसाठी साधारण ८ तास लागायचे. वीस अज्ञात असले तर १२५ तास. अज्ञात अडीच पट, वेळ पंधरा पटीहून जास्त. कॉलेजातल्या आयबीएमच्या पंचकार्ड यंत्राकडूनही हे काम करून घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला, पण ते जमलं नाही. मग त्यांनी ठरवलं की यंत्र आपणच बनवायचं.

हिवाळ्यातली ती रात्र

१९३७-३८ च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ते फार वैतागले होते. विचार पुढे सरकेना. ते गाडीत बसले आणि सुसाट निघाले. कुठे जायचं ठरलेलं नव्हतं. तीनशे किलोमीटरच्या आसपास गाडी हाकत, मिसिसिपी नदी ओलांडून ते शेजारच्या इलिनॉय राज्यात पोचले. आयोवात त्या काळी बारमध्ये बसून दारू मिळत नसे, इलिनॉयमध्ये मिळत असे. रॉक आयलंडजवळच्या एका बारमध्ये ते बसले. गाडी चालवताना डोकं शांत झालं होतं. तिथे बसल्या बसल्या चार गोष्टी त्यांच्या मनात पक्क्या झाल्या:

१. यंत्र गिअर-चाकांवर नाही, वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सवर चालेल.
२. आकडे दहाच्या नाही, दोनच्या पायावर असतील. आईच्या पुस्तकातली बायनरी.
३. मेमरी कपॅसिटरची असेल आणि ती सतत ताजी करत राहावी लागेल.
४. बेरीज दाते मोजून होणार नाही, लॉजिकच्या सर्किटने थेट होईल.

आजचा कुठलाही कॉम्प्युटर किंवा फोन उघडून पाहा, या चारही गोष्टी त्यात सापडतील. आपला विषय आहे तिसरी.

मेमरी कशाची? तीन पर्याय, एक निवड

पहिला पर्याय होता व्हॅक्यूम ट्यूब. जुन्या रेडिओत काचेच्या बल्बसारख्या ज्या ट्यूब असायच्या, त्याच. ट्यूबमध्ये आकडा धरून ठेवता येतो आणि वेगही चांगला मिळतो. पण हजारो बिट साठवायचे तर हजारो ट्यूब लागणार. त्यांची किंमत, त्यांची उष्णता, आणि रोज एखादी उडणार ते वेगळंच. प्रोफेसरांच्या बजेटमध्ये हे बसणारं नव्हतं.

दुसरा पर्याय चुंबकाचा. चुंबकीय पदार्थात खूण साठवता येते आणि वीज गेली तरी ती राहते. पण वाचताना मिळणारा सिग्नल फार क्षीण. तो ट्यूबपर्यंत पोचवायचा तर आधी मोठा करावा लागणार. म्हणजे पुन्हा जास्तीच्या ट्यूब, पुन्हा खर्च.

तिसरा पर्याय कपॅसिटरचा. आपल्याकडे याला कंडेन्सर म्हणतात. फॅन हळू फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन जो डबीसारखा पार्ट बदलतो, तो याच जातीचा. अटानासॉफ यांना हवे होते छोटे आणि स्वस्त, रेडिओत वापरतात तसले. कपॅसिटरमध्ये चार्ज साठतो. चार्जची एक अवस्था म्हणजे १, दुसरी म्हणजे ०. आणि मुख्य मुद्दा हा की त्यातून मिळणारा व्होल्टेज ट्यूबला थेट चालवायला पुरेसा होता. मध्ये काही जोडायची गरज नव्हती.

इथे जरा थांबून बघा, त्यांनी काय केलं. सगळ्यात वेगवान मेमरी निवडली नाही. सगळ्यात टिकाऊही निवडली नाही. बाकीच्या यंत्राशी, म्हणजे ट्यूबच्या व्होल्टेजशी, गणिताच्या वेगाशी आणि खिशातल्या पैशाशी जी जुळते ती निवडली.

पण कपॅसिटरमध्ये एक मोठा दोष होता. तो गळतो. गळक्या माठासारखं त्यातला चार्ज हळूहळू कमी होत जातो, आणि थोड्या वेळाने १ होता की ० हे सांगता येत नाही. अटानासॉफ यांचं उत्तर असं की गळू दे. पूर्ण रिकामा व्हायच्या आत तो वाचायचा, १ असेल तर १ पुन्हा भरायचा, ० असेल तर ० पुन्हा ठेवायचा. असं सतत करत राहायचं. आईने दुकानात पाठवलं की लहान मूल वाटभर साखर, चहा, मीठ असं पुटपुटत जातं ना, तसंच. पुटपुटणं थांबलं की यादी गेली. या क्रियेला त्यांनी जॉगिंग असं नाव दिलं. आज आपण तिला रिफ्रेश म्हणतो.

६५० डॉलर आणि एक हुशार विद्यार्थी

१९३९ मध्ये कॉलेजने या कामासाठी ६५० डॉलर मंजूर केले. त्यातले ४५० मदतनिसाच्या पगाराला आणि २०० सामानाला. मदतनीस म्हणून मिळाला क्लिफर्ड बेरी, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग नुकतंच संपवलेला आयोवाचाच मुलगा. इंजिनिअरिंगच्या एका प्रोफेसरांनी त्याचं नाव सुचवलं होतं. हात अतिशय कुशल आणि डोकंही तेवढंच तल्लख. पुढे या यंत्राला दोघांचं मिळून अटानासॉफ-बेरी कॉम्प्युटर म्हणू लागले, थोडक्यात एबीसी.

जागा मिळाली फिजिक्स बिल्डिंगच्या तळघरात. १९३९ संपायच्या आत दोघांनी एक छोटा नमुना चालवून दाखवला. ११ ट्यूब, फिरती चकती आणि तिच्यावर कपॅसिटर. २५-२५ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज-वजाबाकी तो करायचा. एवढंसंच काम, पण कल्पना चालते हे सिद्ध झालं. पुढच्या यंत्रासाठी रिसर्च कॉर्पोरेशन या संस्थेकडून ५,३३० डॉलर मिळाले. १९४० च्या ऑगस्टमध्ये अटानासॉफ यांनी सगळ्या यंत्राचं तपशीलवार टिपण टाइप करून ठेवलं. या टिपणाचं काम पुढे येईल.

मोठं यंत्र १९४२ पर्यंत उभं राहिलं. आकार एखाद्या मोठ्या टेबलाएवढा, वजन ३०० किलोहून जास्त, दीड किलोमीटरच्या आसपास वायर आणि साधारण २८० जोड-ट्यूब. मेमरीसाठी बॅकेलाइटचे दोन फिरते ड्रम होते, म्हणजे जुनी विजेची बटणं ज्या कडक प्लॅस्टिकची असायची त्याचे. प्रत्येक ड्रमच्या आत १,६०० कपॅसिटर. त्यांची टोकं ड्रमच्या बाहेर आलेली आणि त्यांना घासत जाणारे तारेचे ब्रश. ड्रम सेकंदाला एक फेरी मारायचा. प्रत्येक फेरीत सगळे बिट वाचले जात, हिशेब होई आणि चार्ज पुन्हा भरला जाई. याचा ठेका धरला होता भिंतीतल्या विजेने. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची असते, तीच यंत्राचं घड्याळ.

एका ड्रमवर ३० संख्या, प्रत्येकी ५० बिटांची. दोन कपॅसिटरच्या रांगा वर शिल्लक ठेवलेल्या, एखादी बिघडली तर. दोन्ही ड्रम मिळून ३,००० बिट, म्हणजे ३७५ बाइट. या लेखातलं एखादं लांब वाक्यही युनिकोडमध्ये तेवढी जागा घेऊ शकतं. तुमच्या ८ जीबीच्या फोनमध्ये अशा यंत्रांची मेमरी सव्वादोन कोटींहून जास्त वेळा मावेल.

आज रॅम घेताना हाच हिशेब

आजच्या रॅमला डीरॅम म्हणतात, म्हणजे डायनॅमिक रॅम. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर मिळून एक बिट. ड्रमच्या जागी सिलिकॉनची चिप आली, पण कपॅसिटर अजून गळतोच. डीडीआर४ रॅममध्ये प्रत्येक बिट साधारणपणे ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा ताजा करावा लागतो. फोन खिशात झोपलेला असतानाही हे चालू असतं. वीज गेली की यादी गेली, म्हणूनच सेव्ह न केलेली फाइल उडते.

आणि अटानासॉफ यांनी लावला तोच जुळणीचा हिशेब आपल्याला पीसी जोडताना लावावा लागतो. तो असा:

पिढी जुळवा. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघींना २८८ पिना आहेत, लांबीही सारखी, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका. खाच तुम्हाला सांगतेय की ही रॅम इथली नाही.

बोर्ड आधी बघा, रॅम नंतर. एएमडीचा एएम४ सॉकेट फक्त डीडीआर४ घेतो, एएम५ फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए१७०० मध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, पण एका बोर्डवर सहसा एकच प्रकार चालतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तपासलेल्या रॅमची यादी असते, ती एकदा नजरेखालून घाला. जास्तीत जास्त किती जीबी चालेल हेही तिथेच कळतं. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपला बसत नाही.

जोडी घ्या. एक १६ जीबीची काडी घेण्यापेक्षा एकाच पॅकमधल्या ८-८ जीबीच्या दोन बऱ्या, कारण दोन चॅनेल एकदम चालतात. वेगवेगळ्या वेगाच्या दोन काड्या लावल्या तर दोन्ही संथ काडीच्या वेगाने चालतात, आणि कधी कधी मशीन सुरूच होत नाही.

लावताना घाई नको. पीसी बंद करा, प्लग काढा, अंगातली स्थिर वीज घालवायला कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, पण मॅन्युअल बघून खात्री करा. खाच जुळवा, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, खटका वाजला की बसली. शेवटी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा, नाहीतर पैसे मोजलेला वेग मिळत नाही.

जिथे जुळलं नाही

एबीसीची मेमरी चालली. बेरीज करणारी सर्किटं चालली. यंत्राची रचना २९ अज्ञातांची २९ समीकरणं सोडवण्यासाठी होती. गाडी अडली ती एका वेगळ्याच पार्टवर.

ड्रमवर एका वेळी दोनच समीकरणं मावत. त्यामुळे मधली उत्तरं कुठेतरी बाहेर ठेवणं भाग होतं. त्यासाठी दोघांनी एक भन्नाट युक्ती काढली. कागदी कार्डावर विजेची ठिणगी पाडायची, जिथे कागद जळेल तिथे खूण. वाचताना कमी व्होल्टेज लावायचा, खूण असेल तिथून वीज पार होईल. वेग मस्त होता. पण अधूनमधून एखादी खूण चुकीची वाचली जाई. २९ समीकरणांचा पूर्ण संच एकदा लिहायचा म्हणजे ४३,५०० बिट, आणि असे संच पुन्हा पुन्हा लिहायचे-वाचायचे. त्यात एक बिट चुकला की पुढचं सगळं उत्तर बिघडलं. लहान संच सुटत होते, मोठ्यांचा भरवसा नव्हता. हा दोष काढायला आणखी थोडा वेळ हवा होता, आणि तो मिळाला नाही. अमेरिका युद्धात उतरली होती. १९४२ मध्ये अटानासॉफ वॉशिंग्टनला नौदलाच्या प्रयोगशाळेत गेले आणि बेरी कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीत.

हेही सांगायला हवं की एबीसी आजच्या अर्थाने पूर्ण कॉम्प्युटर नव्हता. त्याला प्रोग्राम देता येत नव्हता. तो एकाच जातीचा प्रश्न सोडवणारा होता.

घरी आलेला पाहुणा

डिसेंबर १९४० मध्ये फिलाडेल्फियात एक वैज्ञानिक परिषद होती. तिथे अटानासॉफ यांची भेट जॉन मॉकली नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्रोफेसरांशी झाली. मॉकली यांनाही गणना करणाऱ्या यंत्रांचं वेड. अटानासॉफ यांनी त्यांना एम्सला यायचं आमंत्रण दिलं. जून १९४१ मध्ये मॉकली आले, काही दिवस अटानासॉफ यांच्या घरीच राहिले. तळघरात जाऊन यंत्र पाहिलं, बेरीशी बोलले, ते १९४० चं टिपणही वाचलं.

पुढे मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिअ‍ॅक बनवला. १९४६ मध्ये तो जगासमोर आला. सुमारे १८,००० ट्यूबचं अवाढव्य यंत्र, एबीसीपेक्षा कितीतरी पुढचं, वेगवेगळी कामं करू शकणारं, आणि मुख्य म्हणजे पूर्ण झालेलं. पेपरात नाव आलं, इतिहासात नाव आलं. एम्सच्या तळघराचा उल्लेख कुठेही नव्हता.

एबीसीचं पेटंट घ्यायचं ठरलं होतं. कॉलेजने वकीलही नेमला होता. कागद तयार होत होते, चौकशा चालू होत्या. पण अर्ज शेवटपर्यंत दाखल झालाच नाही. अटानासॉफ वॉशिंग्टनहून विचारत राहिले, मग युद्धाच्या कामात बुडाले. १९४८ मध्ये कॉलेजला तळघरातली ती जागा हवी होती. यंत्र दाराबाहेर नेण्याइतकं लहान नव्हतं, म्हणून ते मोडण्यात आलं. ज्यांनी ते बनवलं त्यांना कुणी कळवलंही नाही. एक मेमरी ड्रम आणि काही किरकोळ पार्ट तेवढे उरले.

कोर्टात उघडलेली फाइल

अटानासॉफ यांनी कॉम्प्युटरचा विषय मागे टाकला होता. १९५२ मध्ये त्यांनी स्वतःची इंजिनिअरिंग कंपनी काढली, ती पुढे विकली. पण १९५४ मध्ये आयबीएमचे एक पेटंट वकील त्यांना भेटायला आले. विषय होता एकर्ट आणि मॉकली यांचं ताजी होत राहणाऱ्या मेमरीचं पेटंट. तेव्हा आपल्या जुन्या कामाचा या सगळ्याशी किती संबंध आहे, हे अटानासॉफ यांच्या लक्षात यायला लागलं. तो प्रयत्न मात्र तिथेच विरला. १९६३ मध्ये बेरी यांचं वयाच्या ४५ व्या वर्षी निधन झालं. आपल्या यंत्राचं नाव जगाने घेतलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही.

१९६४ मध्ये एनिअ‍ॅकचं पेटंट मंजूर झालं. ते स्पेरी रँड कंपनीच्या मालकीचं होतं, आणि कंपनी इतर कॉम्प्युटर बनवणाऱ्यांकडून रॉयल्टी मागू लागली. हनीवेलने नकार दिला. १९६७ मध्ये खटला दाखल झाला. हनीवेलच्या वकिलांनी जुने धागे शोधत शोधत अटानासॉफ यांना गाठलं. १ जून १९७१ ला मिनियापोलिसमध्ये सुनावणी सुरू झाली आणि सुमारे नऊ महिने चालली. यंत्र मोडलेलं, बेरी गेलेले. उरलं होतं काय? अटानासॉफ यांची साक्ष, जुनी पत्रं, आणि ते १९४० चं टाइप केलेलं टिपण.

१९ ऑक्टोबर १९७३ ला न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी निकाल दिला. एनिअ‍ॅकचं पेटंट रद्द. त्याची बरीच कारणं होती, पण त्यातलं एक असं की इलेक्ट्रॉनिक डिजिटल कॉम्प्युटरची मूळ कल्पना एकर्ट आणि मॉकली यांची नसून ती अटानासॉफ यांच्याकडून आली. मॉकली यांना हे शेवटपर्यंत मान्य नव्हतं. एम्समध्ये आपल्याला फारसं काही मिळालं नाही, असंच ते म्हणत राहिले, आणि अभ्यासकांमध्ये आजही यावर वाद होतात. पण निकालाविरुद्ध अपील झालं नाही. कॉम्प्युटरच्या मूळ कल्पनेवर कुणा एका कंपनीची मालकी उरली नाही, आणि हा फायदा पुढे सगळ्यांनाच झाला.

तरीही अटानासॉफ यांचं नशीब बघा. दुसऱ्याच दिवशी वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी खटल्याच्या विशेष वकिलाला काढून टाकलं. सगळे पेपर त्या बातमीने भरले. एवढा मोठा निकाल, पण फार थोड्या लोकांच्या वाचण्यात आला.

उशिरा आलेली दाद

पहिला मोठा सन्मान वडिलांच्या देशाने केला होता, आणि तोही निकालाच्या आधी. १९७० मध्ये बल्गेरियाने त्यांना आपला मोठा किताब दिला. अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं १९९० मध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या हस्ते. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. १५ जून १९९५ ला मेरीलँडमध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, एम्सच्या अभियंत्यांनी जुन्या कागदांवरून एबीसीची हुबेहूब प्रतिकृती बनवून चालवून दाखवली. त्या तळघरातल्या यंत्राची मेमरी खरोखर चालत होती, यावर त्या दिवशी शिक्कामोर्तब झालं.

मित्रांनो, रॅम घ्यायला जाल तेव्हा फक्त जीबीचा आकडा बघून भुलू नका. अटानासॉफ यांनी मेमरी निवडली ती बाकीच्या यंत्राकडे बघून. व्होल्टेज, वेग, पैसे, सगळं एकत्र धरून. तिथे ते बरोबर निघाले. जो एक पार्ट बाकीच्यांच्या तोडीचा झाला नाही, त्या कार्डाने पूर्ण यंत्र अडवलं. तुमच्या पीसीतही असंच होतं, सगळ्यात कमकुवत जोड बाकी सगळ्यांना मागे ओढतो.

आणि दुसरी गोष्ट. कपॅसिटरमधला आकडा वीज गेल्यावर टिकत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांचं यंत्र मोडलं, जोडीदार गेला, तीस वर्षं उलटली. कोर्टात उभं राहायला आधार मिळाला तो एका टाइप केलेल्या टिपणाचा. तुम्ही काही नवीन बनवत असाल, एखादं अ‍ॅप, कॉलेजचा प्रोजेक्ट किंवा घरच्या घरी जोडलेला पीसी, तर काय केलं आणि कधी केलं हे तारखेसकट लिहून ठेवा, आणि दोन ठिकाणी सेव्ह करा.